कापसाच्या बासऱ्या

नागपूर
११ जुलै १९६५

ती. स्व. काकू,

वाकून नमस्कार. खोली मिळाली. सोबतीला अकोल्याचे एक तबल्याचे मास्तर आहेत, जेवतानाही ताटावर बोटं चालवतात. जेवण ठीक आहे. तुझ्या हातचं नाही, हेही लिहून टाकतो, नाहीतर तू मला सोलशील.

एक काम आहे. आमच्या ट्रेनिंगचे प्रोफेसर म्हणतात, बँड शिकवणाऱ्या मास्तरानं रोज तालीम संपली की दहा मिनिटं एकटं बसावं आणि वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहावी. आज मी काय ऐकलं? आज मला काय ऐकू आलं नाही? उद्या काय बदलीन? काका गेले तेव्हापासून सात वर्षं मी शाळेचा बँड घेऊन राहिलो, पण असा एकदाही बसलो नाही. तालीम संपली की सायकल काढायची आणि घर गाठायचं.

आता इथं मुलंच नाहीत तर वहीत लिहू काय? प्रोफेसर म्हणाले, तुम्हाला शिकवताना ज्यानं रोज पाहिलंय त्याला विचारा. मला तूच आठवलीस. शाळेनं तुला पाण्याचं आणि घंटेचं काम दिलं तेव्हापासून तू बँडच्या खोलीच्या दाराशी माठ घेऊन बसतेस. तुझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही.

माझं कुठं चुकतं ते सांग. लपवू नको. वर्षाच्या शेवटी वही आणि निबंध पाहून आमच्यातल्या एकाला शाळांच्या बँडांचा निरीक्षक नेमणार आहेत. मला ती जागा हवी आहे.

तुझा
श्रीरंग


दीक्षितपुरा, जबलपूर
२० जुलै १९६५

चि. श्रीरंग,

आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. सात वर्षं मी दाराशी बसून राहिली, तुला कधी वाटलं नाही की काकूला विचारावं. प्रोफेसरनं सांगितलं तर काकू आठवली. चलो, कोणामुळे का होईना.

तुझे प्रोफेसर स्वतः काय वाजवतात ते नाही लिहिलंस. वहीच वाजवत असतील.

मी चौथी पास, तीही तुमसरच्या पलीकडच्या खेड्यात. आमचे मास्तर आधी म्हशी सोडायचे, मग पाढे घ्यायचे. तेव्हा अक्षर लागलं नाही तर अकोल्याच्या तबलजीकडून लावून घे.

आता ऐक. हेडमास्तर व्हरांड्यात दिसले की तुझा पाय दुप्पट पडायला लागतो. पोरं तुझ्या काठीकडं पाहतच नाहीत, पायाकडं पाहतात. मग धून पळत सुटते आणि तू ढोलवाल्या पोराला झापतोस. तो बिचारा बरोबर असतो.

दुसरं. फॅक्टरीचा भोंगा वाजला तरी तू बोलणं थांबवत नाहीस. तुझं तोंड हलताना दिसतं, आवाज भोंग्याचा. मग भोंगा थांबला की ओरडतोस, "आत्ताच सांगितलं ना!" कोणाला सांगितलंस रे? भोंग्याला?

आणखी एक. कोणी चुकलं की तू त्याच्याकडं पाहत नाहीस, खिडकीतून बाहेर पाहतोस. पोरांना वाटतं सर रागावले. मला माहीत आहे तुला हसू आलेलं असतं. तुझ्या काकांचंही तसंच होतं. पण पोरांनी कसं ओळखावं? सरांना हसू आलं हे कळलं असतं तर निम्मी पोरं रडली नसती.

मिशीला तेल जास्त लावतोस, हे वहीत नको लिहू, पण लावतोस.

आणि आता मी विचारते. वहीत कापूस लिहिलास का?

प्रोफेसरला समजेल असं लिही. आमच्या बँडमध्ये बासऱ्या चाळीस. त्यातल्या वाजतात बावीस. उरलेल्या अठरांमध्ये दर शनिवारी बेबीताई, म्हणजे तुझी काकू, छत्रीच्या काडीनं कापसाचा बोळा सारते, फुंकायच्या भोकाच्या जरा पुढं, म्हणजे आवाज निघत नाही. पोरं रांगेत उभी राहतात, बोटं हलवतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं, वा, चाळीस पोरांचा बँड. आठवड्यात बोळा थुंकीनं ओला होतो, वास मारतो, म्हणून बदलायचा. हे मी तुझ्या काकांच्या वेळेपासून करून राहिली.

मला काय ऐकू आलं नाही, असा तुझा दुसरा प्रश्न आहे ना? तिथं लिही.

तुझी काकू
बेबी


नागपूर
२ ऑगस्ट १९६५

ती. स्व. काकू,

नमस्कार. तुझं पत्र मी, कापसाचा भाग सोडून, जसंच्या तसं वहीत उतरवलं. प्रोफेसरांनी भोंग्याचा प्रसंग वर्गात मोठ्यानं वाचला. सगळे हसले, मीही हसलो. ते म्हणाले, असा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे. सगळ्यांना सांगितलं, आपापल्या घरी अशी एक काकू शोधा.

आता मी इथं वर्गापुढं धून घेतली की पाय खुर्चीच्या आडव्या दांडीत अडकवून ठेवतो. खरंच फरक पडतो.

कापसाचं मात्र तू मनावर घेऊ नको. ते शिकवण्यात येत नाही, ती व्यवस्था आहे. काकांनी घालून दिलेली. दर जूनमध्ये मी नव्या मुलांना एकेक करून फुंकायला लावतो. पहिल्या फुंकेत ज्याचा आवाज आला तो वाजवणार, ज्याचा नाही आला तो मागच्या रांगेत. मागच्यांनाही पांढरा ड्रेस मिळतो, टोपी मिळते, पंधरा ऑगस्टला लाडू मिळतो. एकानंही कधी तक्रार केलेली नाही. उलट काढून टाकलं असतं तर रडले असते. म्हणून वहीत लिहिलं नाही. ऐकणाऱ्याला उगाच वेगळं वाटेल.

पहिल्या पत्रासारखं आणखी काही आठवलं तर कळव. तसलेच लहान लहान प्रसंग. वर्गात आवडतात.

श्रीरंग


दीक्षितपुरा
२९ ऑगस्ट १९६५

चि. श्रीरंग,

आशीर्वाद. तुझ्या वर्गाला हसवायला मी काही नौटंकीवाली नाही, तरी एक लहान प्रसंग सांगते. हसू आलं तर हस.

मागच्या रविवारी मी कांचघरला बळीरामच्या घरी गेली होती. तोच, फॅक्टरीत लेथवर आहे तो. चार दिवस ऊन पडलं म्हणून त्याच्या बायकोनं कुरड्या घालायला बोलावलं होतं. आम्ही दोघी अंगणात, आणि मागं संडासाच्या भिंतीआड कोणीतरी बासरी वाजवून राहिलं होतं. आपल्या बँडचीच धून, कूच. मला वाटलं तुझी पुढच्या रांगेतली विभावरी आली असेल. पण विभावरी दुसऱ्या कडव्याला नेहमी अडखळते, आणि हे दुसरं कडवं असं गेलं जशी तेलातून सुई.

जाऊन पाहिलं तर बळीरामची प्रतिमा. मागच्या रांगेतली, डावीकडून चौथी. मला पाहून बासरी परकराच्या मागं.

"काय गं, कधीपासून वाजवतेस?"

"असंच, बेबीताई."

"असंच म्हणजे?"

"जत्रेतून बाबांनी आणली तेव्हापासून. पाच वर्षं झाली."

"सरांना सांगितलंस?"

"सरांनी ऐकलं होतं ना एकदा. मी आठ वर्षांची होती तेव्हा."

असं म्हणाली, जसं डॉक्टरनं पाहिलं होतं ना, म्हणतात तसं. मी म्हटलं, अगं, माणूस वाढतं, फुंक वाढते, सरांना परत ऐकव. तर म्हणते, "सर परत ऐकत नाहीत. जूनमध्ये फक्त नव्यांचं असतं."

आता यात हसण्यासारखं काय ते तू ठरव. पोरगी आठवीत आहे. एप्रिलनंतर बळीराम तिला घरी बसवणार. तिच्या आईनं माझ्यासमोर सांगितलं, पुढं शिकवून काय करायचं आहे. म्हणजे तिच्याकडं हे एकच वर्ष आहे. बाकीच्या सतरा जणांतही कोण भिंतीआड काय वाजवतं देव जाणे.

तू हेडमास्तरांना दोन ओळी लिही, प्रतिमाला पुढच्या रांगेत घ्या म्हणून. माझं कोण ऐकतं? तुझ्या जागी पी.टी.चे दुबेजी बँड घेऊन राहिले आहेत. त्यांना मी म्हटलं, तर म्हणाले, "माताजी, मुझे तो बस लाइन सीधी चाहिए."

दोन ओळी, बाबा. पाच पैशाचं कार्ड पुरे.

बेबी


नागपूर
१६ सप्टेंबर १९६५

ती. स्व. काकू,

नमस्कार. इथं पेपरात लढाईच्या बातम्यांशिवाय काही नाही. जबलपूरला फॅक्टऱ्या, म्हणून जास्त काळजी वाटते. काचांना काळे कागद लावलेस का? शाळा भरते का? बाहेर फार फिरू नको.

प्रतिमाचं वाचलं. बळीराम भला माणूस आहे, त्याच्या मुलीसाठी तुला वाटतं हे मी समजू शकतो. पण त्याच्या घरी कुरड्या घातल्यास म्हणून मी हेडमास्तरांना लिहायचं, हे बरं दिसत नाही. उद्या प्रत्येकाची आई काकूला कुरड्यांना बोलावील. भर वर्षात रांग मोडली तर दुबेजींना सांभाळता येणार नाही. मी एप्रिलअखेर येतोच आहे. आल्यावर ऐकीन, वचन देतो.

निबंधाचा विषय मी घेतला आहे, "माझ्या चुका". प्रोफेसर म्हणतात, विषय धाडसी आहे. पहिल्या पत्रातले प्रसंग घातले आहेत, अजून दोन-चार हवे आहेत.

श्रीरंग


दीक्षितपुरा
१२ ऑक्टोबर १९६५

चि. श्रीरंग,

कागद लावले. गोळे पडले नाहीत. बळीराम बारा-बारा तास कामावर, सगळ्यांचेच बाप तिथं. पोरं तालमीत उभ्या उभ्या डुलक्या घेऊन राहिली. दुबेजी ओरडतात, मी पाणी देते. लढाई थांबली तरी जास्तीचे भोंगे अजून वाजतात.

एप्रिलअखेर येशील तेव्हा प्रतिमा चुलीपाशी असेल. तिथं जाऊन ऐकशील? मग तुझी वही आणि प्रोफेसरही घेऊन जा.

आणि कुरड्यांचं बोललास ते लक्षात ठेवीन. मी गेल्यावर माझ्या तेराव्याला कुरड्या ठेव.

आता ऐक. परत येणाऱ्या जवानांची गाडी पुढच्या महिन्यात स्टेशनात थांबणार आहे. हेडमास्तरांनी सांगितलं, आपला चाळीस पोरांचा बँड फलाटावर उभा राहील. शिक्षण खात्याचे साहेबही येतील.

मी त्या दिवशी सकाळी सगळा कापूस काढणार. अठराच्या अठरा. तुझी परवानगी मागून नाही राहिली, कळवून राहिली. कोणी विचारलं तर सांगीन, छत्री माझी, काडी माझी, कापूस माझ्या गादीतला.

बेबी


नागपूर
१९ ऑक्टोबर १९६५

ती. स्व. काकू,

पत्र मिळताच लिहितो आहे. असं करू नको. हात जोडतो.

तुला वाटतं एक प्रतिमा वाजवेल आणि सगळे वाहवा करतील. बाकीच्या सतरा जणांचं काय? त्यांनी कधी सूर लावलेला नाही. जवान लढून येताहेत, आणि त्यांच्यासमोर सतरा बासऱ्या किंचाळणार. शाळेचं हसं होईल. काकांनी उभा केलेला बँड आहे तो. खात्याचे जे साहेब येणार आहेत त्यांच्याच सहीनं माझी नेमणूक होणार आहे, हेही तुला माहीत असावं.

आणि मला एक कळत नाही, तुला एकाएकी या मुलांची इतकी दया कशी आली? मीही याच शाळेत शिकलो. मला कोणी छत्रीची काडी घेऊन मदत केली नव्हती. काकांनी साठ मुलांतून माझी फुंक ओळखली, ती त्यांच्या कानाची करामत होती आणि थोडी माझ्या छातीची. ज्याच्यात असतं ते बाहेर येतंच.

श्रीरंग


दीक्षितपुरा
२३ नोव्हेंबर १९६५

चि. श्रीरंग,

तुझी नेमणूक होईल, काळजी करू नको. बँड छान झाला. कसा ते सांगते.

सकाळी सातला मी खोली उघडली. काडीचं टोक वाकवून आकडा केला आणि एकेक बोळा ओढून काढला. मग अठरा जणांना दारामागं घेतलं आणि म्हटलं, "आज कापूस नाही. येतं तसं वाजवा. चुकलं तर चुकलं, मी आहे." सगळ्यांनी मान हलवली. प्रतिमानं बासरी उलटी करून आतून उजेड पाहिला. मला वाटलं, झालं.

स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती. बाया आरतीची ताटं घेऊन, म्हाताऱ्या रडून राहिल्या, अजून गाडी आलेलीच नव्हती तरी. तुझे खात्याचे साहेब पहिल्या खुर्चीवर. दुबेजींनी रांगा लावल्या, दोरी धरल्यासारख्या. मी हमालाच्या गाडीवर चढून बसली, सगळं दिसावं म्हणून. हमाल म्हणाला, "अम्मा, उतर जाओ," मी म्हटलं, "भैया, आज नहीं."

गाडी लागली. कूच सुरू झाली. मी जीव मुठीत घेऊन मागच्या रांगेकडं पाहून राहिली. तू म्हणालास तसं किंचाळतील, तर किंचाळू देत, मी तयार होती.

कोणी किंचाळलं नाही, बाबा. अठरा जणांची बोटं उठली, बसली, उठली, बसली. एकही बोट चुकलं नाही. ओठ बासरीला. गाल सपाट. एकानंही फुंकलं नाही. धून आली ती बावीस जणांची, विभावरी दुसऱ्या कडव्याला अडखळली त्यासकट.

हेडमास्तर नंतर मला म्हणाले, "माताजी, आज बैंड बिल्कुल साफ़ बजा." साहेबांनीही मान डोलावली.

मी प्रतिमाला फलाटाच्या नळापाशी गाठलं. रागावली नाही. विचारलं फक्त.

ती म्हणाली, "घरी येतं, बेबीताई. रांगेत उभं राहिलं की श्वासच येत नाही."

"मी सांगितलं होतं ना, कापूस नाही?"

"हो. मी पाहिलं होतं."

बस. एवढंच.

आता तुझ्या काडीचं. हे मी सांगणार नव्हती. तू लिहिलंस म्हणून सांगते.

तू नऊ वर्षांचा होतास, भावजींनी तुला आमच्याकडं शिकायला ठेवलं होतं. ती मोठी लढाई चालू होती, फॅक्टरी पाहायला गोरे साहेब यायचे आणि शाळेचा बँडही पाहायचे. बँड मोठा दिसावा म्हणून कापसाची युक्ती तुझ्या काकांनी तेव्हाच काढली. मी सतरा वर्षांची, नवी नवरी, मला कौतुक वाटलं, माझा नवरा किती हुशार. बोळे मीच वळले, पहिल्या दिवसापासून.

जूनमध्ये तुला फुंकायला लावलं. तुझा आवाज आला नाही, श्रीरंग. पहिल्या फुंकेत नाही, पाचव्या फुंकेत नाही. तुझे काका नियमाचे पक्के, म्हणाले, घरचा असला म्हणून काय झालं. तुझ्या बासरीत कापूस मी घातला.

तू दोन दिवस ताटावरून उठून जायचास. तिसऱ्या दिवशी मी डोक्यातला आकडा वाकवून तुझा बोळा काढला, आणि कोणाला बोलली नाही, तुलाही नाही. तू कापूस आहे समजून फुंकत राहिलास, आणि चार-पाच दिवसांत एकदा आवाज निघाला. तुला वाटलं तुझ्या फुंकेनं कापसालाही भेदलं. तुझे काका धावत आले, तुला उचलून पुढच्या रांगेत ठेवलं. त्यांना वाटलं, माझा कान. मी चुलीपाशी हसून राहिली होती, दोघांनाही फसवलं म्हणून. फार मजा वाटली होती मला.

त्या वर्षी मागच्या रांगेत अजून अकरा पोरं होती. त्यांचेही बोळे माझ्याच हातचे. ते काही काढावेसे वाटले नाहीत मला. ती काय आपल्या घरची नव्हती.

दया एकाएकी आली म्हणालास. एकाएकी नाही रे. बावीस वर्षं उशिरा आली.

बेबी


नागपूर
९ फेब्रुवारी १९६६

ती. स्व. काकू,

इतके दिवस लिहिलं नाही, क्षमा कर. काही दिवस बासरी हातात घेतली नाही. मग परीक्षा आली, यंदा लवकर घेतली.

निबंध पहिला आला. त्यात शेवटी मी कापूस लिहिला. "एका शाळेत अशी पद्धत आहे" असं लिहिलं. शाळेचं नाव, काकांचं नाव कशाला? प्रोफेसरांनी तेवढा भाग दोनदा वाचला. म्हणाले, बाहेरचा माणूस असूनही तुम्ही किती आतलं पाहिलंत.

नेमणूक झाली आहे. मुख्यालय रायपूर. एक मार्चला हजर व्हायचं आहे, म्हणून जबलपूरला येणं होणार नाही. सामान मागाहून कोणाकडून मागवीन. बँड दुबेजींकडंच राहील असं दिसतं.

प्रतिमाचं माझ्या लक्षात आहे. पण आता एका मुलीपुरतं पाहून चालणार नाही. पहिलं परिपत्रक मी हेच काढणार आहे, की कुठल्याही शाळेनं न वाजणारी वाद्यं रांगेत ठेवू नयेत. सगळ्या जिल्ह्यांतला कापूस निघेल. तुझ्याच पत्रानं हे होतं आहे, असं समज.

आणि काकू, ते माझ्या लहानपणचं. तू अजून कोणाला सांगितलेलं नाही ना? सांगू नको.

तुझा
श्रीरंग


दीक्षितपुरा
४ एप्रिल १९६६

श्री. निरीक्षक साहेब यांस,

काकूचा नमस्कार. आता आशीर्वाद कसे देऊ, हुद्दा मोठा झाला.

कोणाला सांगितलं नाही. कोणाला खरंही वाटणार नाही.

तुझं परिपत्रक शाळेत आलं. हेडमास्तरांनी मला बोलावून वाचून दाखवलं आणि म्हणाले, "माताजी, अब क्या करें?" मग त्यांनीच केलं. मागच्या रांगेतली अठरा पोरं बँडमधून काढून टाकली. न वाजणारी वाद्यं रांगेत ठेवू नयेत, असं लिहिलंय ना तू. ड्रेस काढून घेतले, टोप्या काढून घेतल्या. रांग आता बावीसचीच, सरळ आहे, दुबेजी खूश आहेत. कोणालाही परत फुंकायला लावा, असं त्यात कुठं नव्हतं. मी हेडमास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं.

पोरं एकेक करून बासऱ्या जमा करायला आली. मी दाराशी बसून घेत होती. सगळ्यात शेवटी प्रतिमा. ड्रेस धुऊन, घडी करून, वर बासरी.

मी सवयीनं बासरी उजेडाकडं धरली. उजेड आला नाही.

स्टेशनाच्या दिवसानंतर मी एकाही बासरीत कापूस घातलेला नाही, श्रीरंग. हेडमास्तरांना खोटं सांगायची, घातला म्हणून. तेव्हा मी तिला विचारलं, "हा कोणी घातला गं?"

म्हणाली, "मीच. दर शनिवारी बदलत होती."

"काहून?"

तिनं माठावरचा पेला उचलला. मग म्हणाली, "कापूस असला की न वाजायला कारण असतं, बेबीताई. तुम्ही काढलात तेव्हा फार भीती वाटली."

पाणी प्यायली आणि गेली. बळीरामनं दुसऱ्याच दिवशी तिचं नाव कमी केलं. मागच्या रविवारी त्यांच्याकडं गेली होती. अंगणात पापड वाळत होते. भिंतीआड कोणी नव्हतं.

तुझे तीन प्रश्न मीही एकदा लिहून पाहिले, पोरांच्या जुन्या वहीच्या पाठीवर. आज मी काय ऐकलं? बावीस बासऱ्या. आज मला काय ऐकू आलं नाही? ते तर आता कोणालाच येणार नाही. तिसऱ्या प्रश्नाशी आली आणि शाई संपली म्हणून उठली. शाई होती.

तुझं सामान बांधून ठेवलंय. काकांची छत्री त्यात नाही, ती मी ठेवली.

या पाकिटात एक बोळा घातला आहे. प्रतिमाच्या बासरीतला, सुकवलेला. तुझ्या पहिल्या आलेल्या निबंधाशेजारी डकव. जपून उघड, फार हलका आहे, पंख्याखाली उघडलास तर उडून जाईल आणि तुला कळणारही नाही.

काकू